चंबळची वाळू

ठाण्यापासून नाशिक-धुळ्यापर्यंत ज्याला आपण सगळे आग्रा रोड म्हणतो, तो रस्ता आग्रा साठ-सत्तर किलोमीटरांवर उरलं असताना एक मोठी नदी ओलांडतो. पुलाच्या अलीकडे मध्य प्रदेशातला मोरेना जिल्हा, पलीकडे राजस्थानातलं धौलपूर. जवळच रेल्वेचा पूल आहे. मुंबईहून निघालेली पंजाब मेल दुसऱ्या दिवशी त्यावरून धडधडत जाते. लहानपणी त्या गाडीनं जाताना ग्वाल्हेर मागं पडलं की डब्यातली मोठी माणसं म्हणायची, “आता चंबळ येईल.” मग आम्ही मुलं खिडकीच्या गजांना नाक लावून घोड्यावरचे दरोडेखोर शोधायचो. दिसायची ती नुसती नदी. खूप खाली, निळसर हिरवी, आणि दोन्ही अंगांना पसरलेली पांढुरकी वाळू.

ती नदी जवळून पाहायची राहूनच गेली होती. शेवटी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं ग्वाल्हेरला उतरलो, मोरेन्याला मुक्काम केला आणि पहाटे अंधारातच राजघाटावर जाऊन नावेत बसलो.

राष्ट्रीय चंबळ अभयारण्य हे नाव ऐकून जंगल डोळ्यांसमोर आणू नका. इथे झाडी फारशी नाही, जीप नाही, मचाण नाही. इथे नदी हेच अभयारण्य. १९७८-७९ मध्ये मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि राजस्थान या तीन राज्यांनी मिळून चंबळचा चारशे किलोमीटरांहून लांब पट्टा राखीव केला. इंदूरजवळ, महूच्या बाजूला जानापाव नावाची टेकडी आहे, तिथे चंबळ उगम पावते. विंध्यातून निघून ती उत्तरेला वाहत जाते आणि साडेनऊशेहून अधिक किलोमीटरांनंतर इटाव्याच्या बाजूला यमुनेला मिळते. गंगा-यमुनेच्या मैदानात इतकी स्वच्छ म्हणावी अशी मोठी नदी दुसरी नाही. नाव थांबल्यावर मी खाली वाकून पाहिलं, तर कमरेइतक्या पाण्यातला तळ दिसत होता. आग्र्याची यमुना आदल्याच वर्षी पाहिली होती, त्यामुळे या पाण्याकडे बघत राहावंसं वाटलं.

दोन्ही बाजूंना मातीच्या उंच दरडी. त्यांच्यामागे मैलोन्‌मैल बीहड. पावसाच्या पाण्यानं मऊ गाळमाती चिरत नेल्यामुळे झालेल्या घळी, घळींना फुटलेल्या घळी, आणि त्यांतून वाट काढणारी बाभळीची खुरटी झुडपं. माणसाला शेती करायला कठीण आणि लपायला सोपा असा हा मुलूख. सूर्य वर आला तशा दरडी आधी तांबड्या, मग पिवळ्या झाल्या. समोरच्या वळणावर वाळूचा एक लांब उतार उजळला, आणि नावाड्यानं इंजिन बंद करून हळूच म्हटलं, “बाबूजी, वो देखिए, पूरा परिवार बैठा है.”

वाळूवर घडियाल पसरले होते. मी मोजले, तर अकरा माद्या आणि एक नर. मगरी मी सांगलीला कृष्णेत पाहिल्या आहेत, चिपळूणला वाशिष्ठीतही पाहिल्या आहेत. घडियाल हे त्याहून अगदी वेगळं जनावर आहे. जबडा लांब आणि अरुंद, एखाद्या चिमट्यासारखा. त्यात शंभराहून जास्त बारीक दात, वरचे आणि खालचे एकमेकांत अडकणारे. हा चिमटा पाण्यात आडवा फिरवायचा आणि मासा पकडायचा, हीच त्याची शिकार. मोठ्या जनावराला ओढून न्यायची ताकद त्या जबड्यात नाही, आणि माणसाच्या वाटेला तो जात नाही. नराची लांबी पंधरा-सोळा फुटांच्या पुढे जाते. त्याच्या नाकाच्या टोकाशी एक गोलसर उंचवटा येतो, उलट्या घड्यासारखा. म्हणून तो घडियाल. वयात आल्यावरच हा घडा धरतो. श्वास सोडताना त्यातून घुमल्यासारखा, फुरफुरणारा आवाज निघतो. माद्यांना बोलावणं आणि दुसऱ्या नराला दम देणं ही दोन्ही कामं त्या आवाजानं होतात.

आपल्या नरानं तो आवाज काढला नाही. पण तो वाळूवरून पाण्यात गेला ते आम्ही पाहिलं, आणि त्या एका हालचालीतून मला या अभयारण्याचं सगळं गणित कळलं. मगर चार पायांवर उभी राहून चालते. पूर्ण वाढलेल्या घडियालाला ते जमत नाही. त्याचे पाय शरीराचं वजन उचलत नाहीत. पोट वाळूला टेकवून तो स्वतःला ढकलत पुढे नेतो. म्हणजे पाण्यापासून चार पावलं लांब जाणंही त्याला अवघड. त्याला हवी असते खोल डोहाला लागून असलेली, मऊ, उंच, पुराच्या पाण्यानं आणून टाकलेली वाळू. थंडीत ऊन खायला तीच आणि अंडी घालायलाही तीच. खडकाळ काठ, चिखलाचा काठ, गवताळ काठ, यांतलं काहीच त्याच्या उपयोगाचं नाही.

नावाड्यानं दुर्बिणीतून वाळूवरचे खड्डे दाखवले. मार्चअखेरीला माद्या रात्री वर येतात आणि आधी चाचपून पाहतात. इथे उकर, तिथे उकर, ओल किती, वाळू ढासळते का. मग एक जागा ठरते. हातभर खोल खड्ड्यात तीस ते पन्नास अंडी घालून मादी तो बुजवते. एकेका चांगल्या काठावर अशी अनेक घरटी जवळजवळ असतात. मगरींप्रमाणेच घडियालातही पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्याभोवतालच्या वाळूचं तापमान ठरवतं. दोन-सव्वादोन महिन्यांनी, जूनमध्ये, अंड्यांतूनच पिल्लं आवाज करू लागतात. तो ऐकून आई वाळू उकरते. पुढे शेकड्यांनी पिल्लं एकत्र राहतात आणि मोठा नर त्यांच्यावर पहारा करतो. बापाच्या पाठीवर बसलेल्या पिल्लांची छायाचित्रं आता जगभर गेली आहेत. हे सगळं पाऊस यायच्या आत उरकायचं असतं. पहिल्या मोठ्या पुरात बहुतेक पिल्लं वाहून जातात. शंभरातली एखाद-दोनच मोठी होतात.

इथे शब्दाविषयी थोडं सांगायला हवं. आपल्याकडे नदीकाठची माणसं मगरीलाच सुसरही म्हणतात. चंबळच्या काठी ‘सूंस’ म्हणतात तो मात्र डॉल्फिन. दोन्ही शब्द एकाच संस्कृत ‘शिशुमार’पासून आलेले. एकच शब्द उत्तरेत डॉल्फिनकडे गेला आणि आपल्याकडे मगरीकडे. आमच्या नावाड्यानं डोहाकडे बोट करून “सूंस! सूंस!” म्हटलं तेव्हा मी काठावर पाहत राहिलो आणि पाण्यातली राखाडी पाठ चुकली. दुसऱ्यांदा ती वर आली तेव्हा दिसली. क्षणभर लांब चोच, मग पाठ, मग काही नाही. गंगेतला हा डॉल्फिन जवळजवळ आंधळा असतो. स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवर तो वाट काढतो. २००९ साली त्याला राष्ट्रीय जलचराचा मान मिळाला. चंबळमध्ये हे शंभराच्या आसपास आहेत.

पुढे नदीच्या मधोमध वाळूचं एक बेट होतं. त्यावर पाणचिरे बसले होते. काळा-पांढरा, टिटवीहून बराच मोठा पक्षी, चोच भडक नारिंगी. चोचीचा खालचा भाग वरच्यापेक्षा लांब. पाण्याला लागून उडत तो ही खालची चोच पाण्यात बुडवून नदी चिरत जातो, मासा लागला की चोच मिटते. चंबळमधली पाणचिऱ्यांची वसाहत ही या पक्ष्याच्या उरलेल्या मोठ्या आसऱ्यांपैकी एक. हाही अंडी घालतो ती उघड्या वाळूत, एप्रिल-मेच्या उन्हात. पोटाची पिसं पाण्यात भिजवून येऊन आई-बाप अंड्यांवर बसतात, म्हणजे अंडी तापून मरत नाहीत. बेट असल्यानं कोल्हे-कुत्रे पोचत नाहीत, इतकंच त्यांचं संरक्षण. पाणी उतरून बेट काठाला जोडलं गेलं की सगळं घरटं एका रात्रीत साफ होतं. नदीसुरय, काळ्या पोटाचे सुरय, तेही याच वाळूवर. आणि कासवं. लाल मुकुटाचं एक कासव इथे आहे. विणीच्या दिवसांत नराच्या डोक्यावर लाल पट्टे उमटतात. जगात त्याची टिकून राहील अशी मोठी संख्या आता जवळपास या एका नदीतच उरली आहे. तेही मार्चमध्ये रात्री वर येतं आणि वाळूत अंडी पुरून जातं.

म्हणून मला वाटतं, चंबळ हे जितकं पाण्याचं अभयारण्य आहे तितकंच वाळूचं आहे.

हे सगळं इथे टिकलं कसं, याचं उत्तर काठावरच्या लोकांकडे आहे. नदी शापित आहे असं इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मानत आली. चर्मण्वती हे तिचं जुनं नाव. राजा रंतिदेवाच्या यज्ञात मारलेल्या जनावरांच्या कातड्यांतून ती वाहू लागली, ही महाभारतातली कथा. द्यूत चंबळकाठी झालं आणि द्रौपदीनं नदीला शाप दिला, ही लोकांच्या तोंडची. त्यामुळे काशी-मथुरेसारखी घाटांची, स्नानाची, तीर्थांची गर्दी या नदीवर झाली नाही. मोठी शहरं, कारखाने काठावर वसले ते वरच्या अंगाला, कोट्याला. खाली राहिले बीहड आणि बागी. इथे डाकू म्हणत नाहीत, बागी म्हणतात. १९६० च्या मे महिन्यात विनोबा भिंड-मोरेन्याच्या या घळींतून पायी फिरले आणि वीसएक बागींनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. पुढे १९७२ साली जयप्रकाश नारायणांच्या प्रयत्नानं मोरेन्याजवळच्या जौऱ्यात शेकडोंनी शस्त्रं खाली ठेवली. त्या घटनेला सात वर्षं होतात न होतात तोच नदी अभयारण्य झाली. बागींची भीती गेली ही मोठी गोष्ट झाली. पण त्या भीतीनं जी माणसं नदीपासून लांब राहत होती, ती आता काठाशी येऊ लागली.

ती येतात वाळूसाठी. अभयारण्यात वाळूउपशाला बंदी आहे, त्याला आता बरीच वर्षं झाली. आम्ही पहाटे घाटाकडे जात होतो तेव्हा समोरून दिवे न लावलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या येत होत्या, एकामागून एक, ओल्या वाळूनं भरलेल्या, पाणी गळत असलेल्या. आमच्या गाडीच्या चालकानं गाडी रस्त्याखाली घेतली आणि त्या जाईपर्यंत थांबला. मी काही विचारलं तर म्हणाला, “अभी मत देखिए.” या भागात खाण-उपशाला आडवं जाणं किती महाग पडतं ते सगळ्यांना माहीत आहे. २०१२ च्या मार्चमध्ये मोरेन्याजवळच्या बानमोरला अवैध दगड वाहणारा ट्रॅक्टर अडवायला गेलेले नरेंद्रकुमार हे तरुण आयपीएस अधिकारी त्याच ट्रॅक्टरखाली मारले गेले. गोदावरी, भीमा, तापी यांच्या काठच्या वाचकांना हे चित्र नवं नाही. तलाठ्यावर, तहसीलदारावर घातलेल्या गाड्यांच्या बातम्या आपणही वाचतो. फरक एवढाच की आपल्याकडे वाळू गेली की विहिरी आटतात, आणि इथे त्याबरोबर एक अख्खी प्राणिजात जाऊ शकते. जगातल्या घडियालांपैकी बहुसंख्य आज या एका नदीत आहेत.

दुपारी देवरीला गेलो. मोरेन्याच्या जरा बाहेर, महामार्गाजवळच वन विभागाचं घडियाल केंद्र आहे. नदीकाठची काही अंडी उचलून आणायची, वाळूतच उबवायची, पिल्लं हौदांत वाढवायची, आणि साधारण चार फुटांची झाली की नदीत सोडायची, असं इथलं काम. मातकट पट्ट्यांची पिल्लं हौदात एकमेकांवर चढून ऊन खात होती. हे काम १९७५ मध्ये देशभर सुरू झालं, कारण तोवर भारतात दोनशे घडियालही उरले नव्हते. कातड्यासाठी शिकार, मासेमारीची जाळी, अंडी खाणं आणि धरणं, या सगळ्यांनी मिळून ती वेळ आणली होती. त्यानंतर हजारो पिल्लं नद्यांत सोडली गेली. संख्या वाढली. लोकांना वाटलं, घडियाल वाचला.

तो वाचला नव्हता. १९९७ मध्ये वीण करू शकणारे प्रौढ घडियाल ४३६ होते, २००६ मध्ये ते १८२ झाले. हौदातून सोडलेली पिल्लं नदीत जात होती, पण त्या नदीत त्यांना राहायला वाळू आणि पाणी पुरत नव्हतं. २००७ साली जागतिक यादीत घडियालाची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून पुढच्या काही आठवड्यांत चंबळच्या खालच्या भागात शंभराहून जास्त घडियाल मेले. शवविच्छेदनात मूत्रपिंडं निकामी झालेली आढळली. मेलेले बहुतेक यमुनेच्या संगमाकडच्या टापूतले होते. यमुनेतून चढून आलेल्या माशांच्या पोटातून काहीतरी विष आलं असावं, असा संशय होता. ते विष कोणतं हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. चंबळ कितीही स्वच्छ असली तरी तिचं पाणी जिथे जाऊन मिळतं ती यमुना आहे, हे तेव्हा लक्षात आलं.

तेव्हापासून घरट्यांची राखण वाढली. काही ठिकाणी गावातलेच लोक काठावर पहारा देतात, कोल्ह्यांपासून वाचवायला घरट्यांवर जाळी लावतात. अलीकडच्या गणनांत चंबळमधल्या घडियालांचा आकडा दोन हजारांच्या वर गेला आहे. हे त्या राखणदारांचं श्रेय आहे आणि ते त्यांना मनापासून द्यायला हवं. पण देवरीच्या हौदापाशी उभं राहून मला सतत वाटत होतं की पिल्लू वाढवणं हे त्यातलं सोपं काम आहे. अवघड आहे ते त्याला सोडायच्या नदीत वाळू राखणं.

पाण्याचंही तेच. चंबळवर वरच्या अंगाला गांधीसागर, राणा प्रतापसागर, जवाहरसागर ही धरणं आणि शेवटी कोट्याचा बंधारा. कोट्यापाशी नदीचं बहुतेक पाणी कालव्यांत वळतं. त्याच्याखाली कोरड्या दिवसांत चंबळ जगते ती कालीसिंध, पार्वती आणि बनास या उपनद्यांवर. नावाडी सांगत होता की त्याच्या वडिलांच्या काळी उन्हाळ्यातही जिथे बांबू लागत नसे, तिथे आता मे महिन्यात गुरं चालत पलीकडे जातात. गुरं जिथून जातात तिथून कुत्रीही जातात, आणि मग पाणचिऱ्यांच्या बेटाचं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्च हे महिने उत्तम. थंडीत घडियाल दिवसभर वाळूवर असतात आणि चक्रवाक, पट्टकादंब असे पाहुणे पक्षीही उतरलेले असतात. आमच्या वेळी चक्रवाकांची मोजकीच जोडपी मागे राहिली होती. ग्वाल्हेर किंवा आग्रा, दोन्हीकडून एका दिवसात जाऊन येता येतं, पण एक मुक्काम कराच. मोरेन्याची गजक थंडीत ताजी मिळते. दुपार मोकळी असेल तर मितावलीचं गोल योगिनी मंदिर आणि त्याजवळचा बटेश्वरचा मंदिरसमूह पाहावा. नावेसाठी राजघाट आहे, राजस्थानच्या बाजूला सवाई माधोपूरकडे पालीघाट आहे, उत्तर प्रदेशात बाहच्या आसपासचे घाट आहेत. दुर्बीण न्या. पहाटेची नाव घ्या. इंजिन बंद करून वल्ह्यांवर चालवायला सांगा, नावाडी आनंदानं ऐकतात.

आणि एक विनंती. वाळूचे ते काठ फार देखणे आहेत. सकाळच्या उन्हात तिथे उतरावं, अनवाणी चालावं, फोटो काढावेत असं वाटेल. नावाड्याला नाव काठाला लावायला सांगू नका. मार्च ते जून त्या वाळूखाली हातभर अंतरावर अंडी असतात, आणि वरून ती दिसत नाहीत.